व्यवसायोपचार, अपंगत्व आणि सामाजिक न्याय : सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्ती, त्यांचे कुटुंबीय, आशा कार्यकर्त्या, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न असून गुंतागुंतीचे प्रश्न शेवटी आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्यवसायोपचार म्हणजे नेमके काय? तिथे गेल्यावर नोकरी मिळते का?

नोकरी लावून देणे हे व्यवसायोपचाराचे काम नाही. माणूस सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत आंघोळ, कपडे, स्वयंपाक, शाळा, मजुरी, शेजारपाजार, देवदर्शन, खेळ असे जे जे करतो, त्यातील आजारामुळे, अपघातामुळे, जन्मजात कारणामुळे किंवा वयामुळे जे अडले असेल ते त्याला पुन्हा करता यावे, यासाठीचा हा उपचार आहे. त्यासाठी व्यक्तीची क्षमता वाढवली जाते, काम करण्याची पद्धत बदलली जाते किंवा भोवतालची जागा आणि साधने बदलली जातात. अर्धांगवायूनंतर एक हात निकामी झालेल्या बाईला भाकरी करायची असेल तर हाताचे व्यायाम चालू राहतातच. पण परात सरकू नये म्हणून तिच्याखाली ओला कपडा घालणे, चूल किंवा शेगडी बसून काम करता येईल अशा उंचीवर आणणे आणि एका हाताने पीठ मळण्याची रीत शिकवणे, हेही उपचाराचेच भाग आहेत.

२. मग फिजिओथेरपीत आणि यात फरक काय?

फिजिओथेरपीचा मुख्य भर हालचाल, ताकद, तोल आणि वेदना यांवर असतो; व्यवसायोपचाराचा भर त्या हालचालीतून माणसाला कोणते काम करायचे आहे यावर असतो. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत आणि अनेक रुग्णांना दोन्हींची गरज लागते. महाराष्ट्रात या दोन्ही शाखांसाठी २००२ च्या कायद्याने एकत्र परिषद स्थापन झाली आणि २०२१ पासून या शाखा संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय कायद्याच्या कक्षेत आल्या. त्यामुळे उपचार घेण्यापूर्वी संबंधित व्यक्तीची नोंदणी विचारणे हा आपला हक्क आहे आणि तो संकोच न करता बजावावा.

३. ही परदेशातून आलेली कल्पना आपल्याकडे कितपत रुजली आहे?

भारतात व्यवसायोपचाराचे शिक्षण १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. ते सुरू करणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन होत्या. फलटणच्या कमला निंबकर बालभवन या शाळेमुळे त्यांचे नाव माळशिरस आणि पंढरपूरकडील अनेकांना ओळखीचे वाटेल. १९५२ मध्ये व्यवसायोपचारतज्ज्ञांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या संस्थापक सदस्य देशांमध्ये भारत होता. इतका जुना वारसा असूनही महाराष्ट्रातील शासकीय आणि महापालिकेचे शिक्षण मुख्यतः मुंबई आणि नागपूर येथेच एकवटलेले राहिले. सोलापूरसारख्या जिल्ह्याला ही सेवा सहज मिळत नाही, हा आमच्या मते न्यायाचाच प्रश्न आहे.

४. अपंगत्व हा डॉक्टरांचा विषय आहे. त्यात सामाजिक न्याय कुठून आला?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत.

पाय अधू असणे ही शरीराची स्थिती आहे. परंतु रेशन दुकानाला तीन पायऱ्या आहेत, शाळेचे स्वच्छतागृह अरुंद आहे, बसची पायरी उंच आहे आणि मुलाखत घेणारा कुबड्या पाहताच पुढचे प्रश्न विचारीत नाही, या गोष्टी समाजाने घडवलेल्या आहेत. दिव्यांगांच्या चळवळीने १९७० च्या दशकापासून हा भेद ठामपणे मांडला. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेला आणि भारताने २००७ मध्ये मान्य केलेला दिव्यांग हक्कांचा करार याच विचारावर उभा आहे. भारताचा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा त्या करारानंतर आला. १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांच्या जागी त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले आणि शासकीय नोकरीतील आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर गेले.

व्यवसायोपचाराच्या अभ्यासकांनी या विचाराला स्वतःची भर घातली. ॲन विलकॉक आणि एलिझाबेथ टाउनसेंड यांनी असे मांडले की आपल्या दृष्टीने अर्थपूर्ण असलेली कामे करता येणे ही माणसाची आरोग्याइतकीच मूलभूत गरज आहे आणि ती संधी काहींना मिळणे व काहींना नाकारली जाणे हा अन्याय आहे. हा अन्याय वेगवेगळ्या रूपांत दिसतो. एखाद्याला बाहेरच्या परिस्थितीमुळे दीर्घकाळ काही करताच येत नाही. एखाद्याकडे काम असते, पण त्यात त्याची निवड नसते आणि त्याला त्यातून काही अर्थही मिळत नाही. तर एखाद्यावर कामाचा इतका भार असतो की विश्रांती, शिक्षण आणि भेटीगाठी यांना जागाच उरत नाही.

सोलापुरात ही तिन्ही रूपे एकाच गल्लीत सापडू शकतात. पाठीच्या कण्याला इजा झाल्यामुळे वर्षानुवर्षे खाटेवर असलेला यंत्रमाग कामगार, दुसरा पर्याय नाही म्हणून विड्या वळणारी त्याची पत्नी आणि बापाची सेवा करण्यासाठी शाळा सुटलेली मुलगी, अशा घरात केवळ बापाच्या पायांचे व्यायाम घेऊन परतणारा उपचार अपुरा ठरतो. जागतिक महासंघानेही २००६ मध्ये मानवी हक्कांविषयीची भूमिका जाहीर करून ही जबाबदारी व्यवसायाचा भाग म्हणून स्वीकारली आहे.

५. सोलापुरात यावर संशोधन करण्यासारखे काय आहे?

पुष्कळ आहे, आणि त्यातील बरेचसे मुंबई-पुण्याच्या प्रश्नावल्यांमध्ये मावत नाही.

विडी वळणाऱ्या स्त्रिया मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून तासन्‌तास बसतात. पान कापणे, तंबाखू भरणे, वळणे आणि दोरा बांधणे यांत बोटांच्या त्याच त्या हालचाली हजारो वेळा होतात. मजुरी हजार विड्यांमागे मिळत असल्याने थांबणे म्हणजे उत्पन्न गमावणे असते, आणि म्हणूनच "दर अर्ध्या तासाने उठा" हा पुस्तकी सल्ला येथे निरुपयोगी ठरतो. कोणती बैठक, कोणत्या उंचीचा पाट, कात्रीची कोणती मूठ वापरली असता वेग न घटता मान आणि मनगट वाचेल, हे त्या स्त्रियांसोबत बसूनच शोधावे लागेल. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीसारख्या ठिकाणी घर आणि कामाची जागा एकच असल्याने घराच्या रचनेचा अभ्यासही याच विषयात येतो.

यंत्रमागाच्या कारखान्यांतील आवाजामुळे होणारा बहिरेपणा कायमचा असतो आणि तो हळूहळू येत असल्याने कामगाराच्या लक्षात उशिरा येतो. ऐकू कमी येऊ लागलेला माणूस घरात, चौकात आणि सभेत गप्प बसू लागतो. त्याच्या या माघारीचा अभ्यास श्रवणचाचणीच्या कागदावरून होत नाही. जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ऊसतोड, डाळिंबाच्या बागा आणि कोरडवाहू ज्वारी यांवर जगणाऱ्या कुटुंबांमध्ये एखाद्याला अपंगत्व आले तर हंगामी स्थलांतराचे काय होते, त्याला गावी कोणाकडे ठेवतात, मुलांची शाळा कुठे तुटते, हे प्रश्न तितकेच महत्त्वाचे आहेत.

उन्हाळ्याचाही विचार व्हायला हवा. कण्याच्या वरच्या भागात इजा झालेल्या व्यक्तीला इजेखालील शरीराला नीट घाम येत नाही, त्यामुळे तिचे शरीर तापमान सांभाळू शकत नाही. पत्र्याच्या छताखाली एप्रिल-मे काढणे तिच्यासाठी जिवावरचे असते. व्हीलचेअर मिळाली तरी दुपारी ती वापरून बाहेर पडता येत नाही, हे सोलापूरच्या अभ्यासात नोंदले गेलेच पाहिजे.

६. 'समुदायाचे स्वास्थ्य' म्हणजे आरोग्य शिबिर का?

शिबिर हा त्याचा एक लहान भाग झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये समुदायाधारित पुनर्वसनाची मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांत आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन आणि सक्षमीकरण असे पाच घटक आहेत. सामाजिक जीवनाचा घटक आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघते, गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या मैदानावर, सारे शहर लोटते, आणि त्या दिवशी घरात एकटा राहणारा तरुण म्हणतो की मला तिथे जायचे आहे. ही इच्छा व्यवसायोपचारात पूर्ण गांभीर्याने उपचाराचे उद्दिष्ट म्हणून लिहिली जाते. तिच्यासाठी वाट, गर्दीची वेळ, स्वच्छतागृह, सोबत आणि परतीचे वाहन यांचे नियोजन होते, आणि यात्रेतील अडथळ्यांची नोंद पुढच्या वर्षीच्या व्यवस्थेसाठी पुरावा म्हणून वापरता येते. पंढरीच्या वारीबाबतही हेच करता येईल.

७. जनगणनेत अपंगांची संख्या आहेच. पुन्हा घरोघरी मोजणी कशासाठी?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के व्यक्ती दिव्यांग होत्या. ती जनगणना २०१६ च्या कायद्यापूर्वीची असल्याने आज मान्य असलेले अनेक प्रकार तिच्यात स्वतंत्रपणे नव्हते. शिवाय 'घरात कोणी अपंग आहे का' असे थेट विचारले की मुलीच्या लग्नाची काळजी, लाज किंवा 'हे तर वयामुळे आहे' अशी समजूत यांमुळे 'नाही' असे उत्तर येते.

म्हणून अनेक देशांत वॉशिंग्टन गटाचा (अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या गटाचा) सहा प्रश्नांचा छोटा संच वापरतात. चष्मा लावूनही दिसायला, यंत्र लावूनही ऐकायला, चालायला किंवा जिने चढायला, लक्षात ठेवायला, स्वतःची आवराआवर करायला आणि आपले म्हणणे समजावून सांगायला किती अडचण येते, हे त्यांत विचारले जाते आणि 'काहीच नाही' पासून 'अजिबात जमत नाही' पर्यंत चार उत्तरे असतात. अपंग हा शब्द एकदाही येत नसल्याने लोक मोकळेपणाने बोलतात. या संचाची मर्यादाही लक्षात ठेवावी. मानसिक आजारामुळे येणारे अपंगत्व त्याच्यातून बरेचसे निसटते, आणि त्यासाठी प्रश्न वाढवावे लागतात.

८. उपचाराचा उपयोग झाला हे कसे ठरवतात? डॉक्टर म्हणतात सुधारणा आहे, पण आम्हाला घरात फरक दिसत नाही.

ही तक्रार योग्य आहे आणि संशोधनात तिला स्थान आहे. सांध्याचा कोन दहा अंशांनी वाढणे आणि शर्टाचे बटण लावता येणे यांत अंतर असते. कॅनडात विकसित झालेल्या एका मापन पद्धतीत व्यक्ती स्वतः आपल्याला अडणारी, महत्त्वाची वाटणारी कामे सांगते आणि ती किती चांगली जमतात व त्यावर आपण किती समाधानी आहोत याला १ ते १० गुण देते. काही काळाने पुन्हा गुण दिले जातात आणि दोन किंवा अधिक गुणांचा फरक अर्थपूर्ण मानला जातो. येथे कामाची निवड तज्ज्ञ करीत नाही, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. मात्र आपल्याकडे सून सासूसमोर किंवा मुलगा वडिलांसमोर स्वतःची इच्छा सांगेलच असे नाही. म्हणून ही मुलाखत शक्यतो एकांतात घ्यावी.

९. घरी येऊन माहिती घेतात, फोटो काढतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. आम्हाला त्यातून काय मिळते?

असा अनुभव वाट्याला आलेल्या वस्तीने पुढच्या संशोधकाला दारातच प्रश्न विचारले तर ते पूर्णपणे रास्त आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणसांवरील आरोग्य संशोधनाला नीतिमत्ता समितीची मान्यता लागते, सहभाग ऐच्छिक असतो, कोणत्याही टप्प्यावर कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे मिळत असलेल्या उपचारावर परिणाम होता कामा नये. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून देता येते. विडी कामगार स्त्रीचा एक तास म्हणजे तिची कमाई आहे, हे संशोधनाच्या अंदाजपत्रकात आधीच दिसले पाहिजे.

याहून पुढे जाणारी पद्धत म्हणजे वस्तीतील माणसांना संशोधनात सहभागी करून घेणे. काय विचारायचे हे ते ठरवतात, माहिती गोळा करण्यात भाग घेतात आणि निष्कर्ष प्रथम त्यांच्यापुढे मांडले जातात. लोकांच्या हाती कॅमेरा देऊन त्यांनाच आपल्या अडचणींची छायाचित्रे काढायला सांगण्याची रीतही जगभर वापरली जाते. अशा छायाचित्रांत दुसऱ्या कोणाचा चेहरा येत असेल तर त्याचीही संमती लागते.

१०. आईला वाचता येत नाही आणि तिला तेलुगूच समजते. तिचा अंगठा घेतला तर संमती झाली का?

केवळ अंगठा घेतल्याने संमती होत नाही. वाचता न येणाऱ्या व्यक्तीला माहिती तिच्या भाषेत समजावून सांगावी लागते आणि संशोधनाशी संबंध नसलेला निःपक्षपाती साक्षीदार त्या वेळी हजर असावा लागतो. सोलापूर शहराच्या पूर्व भागातील अनेक ज्येष्ठ स्त्रिया घरात तेलुगू बोलतात, परंतु ती लिपी वाचत नाहीत. त्यामुळे पत्रकाचे तेलुगू भाषांतर छापून काम भागत नाही, ते मोठ्याने वाचून आणि प्रश्न विचारू देऊन समजवावे लागते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या कन्नडभाषक गावांतही हीच काळजी घ्यावी. समजले की नाही हे पाहण्यासाठी 'तुम्हाला काय समजले ते तुमच्या शब्दांत सांगा' असे विचारावे.

११. माझ्या भावाला बौद्धिक अपंगत्व आहे. त्याच्या वतीने मी होकार दिला तर पुरे का?

त्याला निर्णय समजून घेता येत नसेल तर कायदेशीर प्रतिनिधीची संमती लागते, परंतु त्याचा स्वतःचा कल विचारणे त्यानंतरही आवश्यक राहते. चित्रे, साधी वाक्ये आणि पुरेसा वेळ दिल्यास अनेक व्यक्ती 'हो' किंवा 'नको' स्पष्टपणे सांगतात. त्याने मान फिरवली, उठून गेला किंवा अस्वस्थ झाला तर तो नकार मानून थांबावे, मग कुटुंबाचा होकार लेखी असला तरीही. सात वर्षांवरील बालकांबाबतही पालकांच्या संमतीसोबत मुलाचा होकार घ्यायचा असतो.

१२. माझ्याकडे प्रमाणपत्र आहे, पण त्यावर ४० टक्क्यांहून कमी लिहिले आहे. मला काहीच हक्क नाहीत का?

आरक्षण आणि बहुतेक योजना यांसाठी ४० टक्क्यांची अट आहे. परंतु भेदभावापासून संरक्षण आणि वाजवी सोयीसवलत यांचा हक्क त्या आकड्याला बांधलेला नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या विकाश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये लेखनिकाची सोय ४० टक्क्यांच्या अटीशिवाय द्यावी असा निर्णय दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने केवळ टक्केवारीवरून अपात्र न ठरवता ती व्यक्ती प्रत्यक्षात काय करू शकते हे तपासावे असे सांगितले. व्यवसायोपचारातील मूल्यमापन नेमके हेच तपासते, त्यामुळे अशा प्रसंगी त्याचा लेखी अहवाल उपयोगी पडतो. संशोधनात सहभागी होण्यासाठी प्रमाणपत्राची गरज नसते, आणि ज्या अभ्यासात प्रमाणपत्राची अट घातली जाते त्यातून कागदपत्रे न जमलेले सर्वांत गरीब लोक वगळले जातात.

१३. सोयीसवलत मागितली, पण मालक किंवा घरमालक ऐकत नाही. काय करावे?

उत्तर आस्थापनेनुसार बदलते. शासकीय आस्थापनेवर वाजवी सोय पुरवण्याचे बंधन आहे, आणि सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावे लागते, म्हणून प्रथम त्याची प्रत मागावी. घरी बसून हजारी दराने काम करणाऱ्या स्त्रीपुढे मात्र सोय मागावी असा मालकच समोर नसतो. कायद्याची ही पोकळी पुराव्यानिशी मांडणे हे संशोधकांचे काम आहे असे आम्ही मानतो.

भाड्याच्या घरात तोडफोड न करताही बरेच जमते. उतार करायचा तर प्रमाण १:१२ असावे, म्हणजे १५ सेंटिमीटर उंबऱ्यासाठी १८० सेंटिमीटर लांबी लागते. बोळात तेवढी जागा नसते. तेथे उभा उतार करणे धोक्याचे आहे. त्याऐवजी कमी उंचीच्या दोन पायऱ्या आणि भक्कम कठडा बरा, अर्थात व्हीलचेअर नसणाऱ्यांसाठी. व्हीलचेअर असेल तर उचलून ठेवता येणारी फळी आणि मदतनीस यांचा विचार करावा. सार्वजनिक जागेचा प्रश्न असेल तर स्थानिक स्वराज्य संस्थेच्या ५ टक्के दिव्यांग निधीतून काम सुचवता येते.

१४. दिव्यांग व्यक्तीची सेवा करणाऱ्यांचा या संशोधनात विचार होतो का?

व्हायलाच हवा, आणि आजवर तो पुरेसा झालेला नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७ मिनिटे देतात असे आढळले. घरात अंथरुणाला खिळलेली व्यक्ती असेल तर उचलणे, कूस बदलणे आणि रात्रीचे जागरण यांची भर पडते. एखादी घरगुती उपचार योजना यशस्वी ठरली असे लिहिताना ती कोणाच्या झोपेवर आणि मजुरीवर चालली, याची नोंद नसेल तर तो अहवाल अपुरा आहे.

१५. विडीकामाने शरीराची हानी होते असे अभ्यासातून सिद्ध झाले आणि त्यामुळे कामच गेले तर?

हा प्रश्न कामगार स्त्रियांनीच विचारलेला आहे आणि त्यांची भीती खरी आहे. तंबाखूची धूळ आणि बैठक यांमुळे होणारी हानी लपवणे योग्य नाही, आणि पर्यायी उपजीविका उभी न करता काम काढून घेणे हाही अन्याय आहे (प्रश्न ४ पाहा). म्हणून अशा अभ्यासात तीन गोष्टींचा आग्रह धरावा असे आमचे मत आहे. हानीची माहिती वैयक्तिक नावासह मालकापर्यंत कधीही जाऊ नये. निष्कर्ष प्रसिद्ध होण्यापूर्वी ते कामगार स्त्रियांपुढे आणि त्यांच्या संघटनांपुढे मांडले जावेत व त्यांचे म्हणणे अहवालात छापले जावे. आणि शिफारशींमध्ये आजच्या कामातील धोका कमी करण्याचे उपाय, उपचाराची सोय व दुसरे काम शिकण्याच्या काळातील उत्पन्नाची तरतूद या तिन्हींचा समावेश असावा. या अटी मान्य नसलेल्या अभ्यासात सहभागी होण्यास स्त्रियांनी नकार द्यावा, आणि तो नकार प्रश्न ९ मध्ये सांगितल्याप्रमाणे अभ्यास सुरू झाल्यानंतरही देता येतो.